ऑइल प्रेशर पडलं: बोटीचं इंजिन उघडण्याआधी

काटा शून्याकडे गेला किंवा बझर वाजायला लागला, तर आधी इंजिन बंद करायचं आणि मग विचार करायचा. प्रेशर खरोखरच गेलं असेल, तर लोडवर असलेल्या क्रँकची (इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्याची) बेअरिंगं काही मिनिटांतच धरतात, आणि मग खर्चाचा आकडा दहापट होतो. खडक जवळ असतील आणि वारा तिकडेच ढकलत असेल, तरच इंजिनापेक्षा बोट मोठी. एरवी नांगर टाका. बोट वाहत चालली असेल, तर व्हीएचएफ रेडिओच्या 16 नंबरच्या चॅनेलवर आजूबाजूच्या बोटींना कळवा. मोबाइलला रेंज असेल, तर तटरक्षक दलाचा 1554 आहे.

इंजिन बंद झालं की मापाची दांडी काढून ऑइल बघा, चेंबरखाली (चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी) बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी, ऑइल सांडलंय का बघा, फिल्टर हाताला ढिला लागतोय का बघा. लेव्हल बरोबर आहे, कुठे गळती नाही आणि इंजिन बंद होताना आवाजही नेहमीचाच होता, तर दोष मीटरचा असण्याची शक्यता बरीच आहे. पण ते समुद्रात ठरवायचं नाही. बोट ओढून आणता येत असेल तर ओढूनच आणावी.

धक्क्यावर आल्यावर मिस्त्री बहुतेक वेळा 'पंप गेला' असंच निदान करतात. माझ्या मते ही घाई आहे. गिअरचा ऑइल पंप ऑइलमध्येच बुडून चालतो, त्यामुळे इंजिनातल्या बाकीच्या भागांपेक्षा तो हळू झिजतो. शिवाय पंप प्रेशर तयार करत नाही, तो फक्त ऑइल ढकलतो. त्या ऑइलला बेअरिंगच्या बारीक फटींतून वाट काढावी लागते, त्या अडथळ्यामुळे प्रेशर तयार होतं. पाण्याच्या नळीच्या तोंडावर अंगठा ठेवल्यासारखं ते आहे. म्हणून प्रेशर कमी का, याची उत्तरं चारच ठिकाणी सापडतात: ऑइल पंपापर्यंत पोचत नाही, पोचलेलं ऑइल फार पातळ आहे, ते मधल्या वाटेनं परत चेंबरात जातंय, किंवा शेवटच्या फटी रुंद झाल्यात. पाचवी शक्यता म्हणजे प्रेशर ठीक आहे आणि मीटर खोटं बोलतंय. ती सगळ्यात स्वस्त, म्हणून तिथून सुरुवात.

बोटीत हा क्रम जास्तच पाळावा लागतो. ट्रक रॅम्पवर चढवला की चेंबर तासाभरात खाली येतो. बोटीत इंजिन लाकडी किंवा फायबरच्या बेडवर बसलेलं असतं आणि खाली अनेकदा हातही जात नाही. चेंबर काढायचा म्हणजे गिअरबॉक्स सोडवून इंजिन चेनब्लॉकनं उचलायचं. मोठ्या इंजिनांना बाजूला तपासणीची झाकणं असतात, तिथे काम सोपं आहे. बाकीच्यांनी वरून करता येण्याजोग्या सगळ्या तपासण्या संपवल्याशिवाय चेंबरच्या बोल्टला पाना लावू नये.

मीटरची परीक्षा अशी. इंजिन ब्लॉकवर दोन वेगळ्या वस्तू असतात, कधी एकाच तुकड्यात बसवलेल्या. एक प्रेशर स्विच, जो बझर आणि लाल दिव्याला जातो. बहुतेक स्विच अर्ध्या किलोच्या (किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किलोग्रॅम) आसपास उघडतात, म्हणजे बझर वाजेपर्यंत प्रेशर जवळजवळ गेलेलंच असतं. दुसरं सेंडर, जे काट्याला जातं. बझर वाजतोय पण काटा जागेवर आहे, तर स्विचची वायर सुटी करा. तरीही बझर चालूच राहिला, तर वायर कुठेतरी घासून इंजिनाच्या अंगाला लागलीय. इंजिनाच्या खोलीतला घाम आणि खारं पाणी पाहता हे नेहमीचंच.

सेंडर दोन घराण्यांचे मिळतात. युरोपियन पद्धतीच्या सेंडरचा रेझिस्टन्स शून्य प्रेशरला 10 ओम आणि पूर्ण प्रेशरला 184 ओमच्या आसपास असतो. अमेरिकन पद्धतीत उलटं: शून्याला 240, पूर्णला 33. इंजिन बंद ठेवून वायर काढा आणि सेंडरचा स्क्रू व इंजिनाची बॉडी यांच्यामध्ये मल्टिमीटर लावा. 10 किंवा 240 यांच्या जवळपासचा आकडा नसेल, तर सेंडर बदला. युरोपियन सेंडरची वायर बॉडीला टेकली तर काटा शून्यावर जातो, तुटली तर पूर्ण वर. अमेरिकनमध्ये वायर तुटली की शून्य. गंजलेल्या जोडामुळे रेझिस्टन्स वाढतो, आणि त्यानं अमेरिकन मीटर प्रेशर कमी दाखवतं, युरोपियन जास्त. म्हणजे गंजामुळे युरोपियन मीटरवरचा खरा दोषही झाकला जाऊ शकतो.

सेंडर नवा टाकल्यापासून प्रेशर निम्मं दिसतंय, ही तक्रार वारंवार ऐकू येते. सेंडर 5 बारचे येतात आणि 10 बारचेही. 5 बारच्या मीटरला 10 बारचा सेंडर जोडला की खरं 4 असताना काटा 2 दाखवतो. केबिनमध्ये एक आणि वर एक अशी दोन मीटरं एकाच सेंडरवर चालवायची असतील, तर दोन मीटरांसाठीचाच सेंडर लागतो. साधा सेंडर लावला तर दोन्हीकडे चुकीचा आकडा येतो. सेंडरला अर्थिंग मिळतं ते त्याच्या आट्यांमधून, त्यामुळे टेफ्लॉन टेप गच्च गुंडाळू नका. आणि आटे बघून घ्या. एक अष्टमांश इंचाचे एनपीटी (अमेरिकन) आणि बीएसपी (ब्रिटिश) आटे दिसायला सारखेच असतात, पण पहिल्यात इंचाला 27 आटे, दुसऱ्यात 28. चुकीचा बसवला तर दोन-तीन आटे आत जातो, अडकतो आणि तिथूनच गळायला लागतो.

सगळ्या वादावर उपाय म्हणजे 0 ते 10 किलोचं साधं यांत्रिक प्रेशर गेज. सेंडर काढून त्या जागी टी जोड आणि हायड्रॉलिक होज लावून गेज बसवा. होज प्लॅस्टिकचा नको. गरम ऑइलचा फवारा एक्झॉस्टवर उडाला तर आग लागते. आता रीडिंग घ्यायचं ते गरम इंजिनाचं. धक्क्यावर न्यूट्रलला दहा मिनिटं चालवून ऑइल तापत नाही, फक्त पाणी तापतं. बोट समुद्रात बाहेर न्या आणि अर्धा-पाऊण तास लोडवर चालवा. मग स्लोला (सगळ्यात कमी फेऱ्यांवर), मिनिटाला 1000 फेऱ्यांना, 1500 ला आणि पूर्ण फेऱ्यांवर असे चार आकडे वहीत लिहा. ऑइलचं तापमानही सोबत लिहा. मध्यम आकाराच्या सहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनाला गरम असताना स्लोवर 1 ते 1.5 किलो आणि कामाच्या फेऱ्यांवर 3 ते 5 किलो हे सर्वसाधारणपणे ठीक समजतात. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकातला आकडा वेगळा असेल, तर तोच खरा. एक किलो म्हणजे सुमारे 14 पीएसआय, आणि बार व किलोमधला फरक इथे सोडून दिला तरी चालतो.

गिअरबॉक्सच्या ऑइलचं प्रेशर वेगळं, त्याचं ऑइलही वेगळं. क्लचसाठी तिथे कित्येक पट जास्त प्रेशर लागतं. दोन्ही मीटरं शेजारी असली की माणसं गोंधळतात, म्हणून हा उल्लेख.

चार आकडे हातात आले की निम्मं निदान झालं. थंड असताना सगळं छान, गरम झाल्यावर फक्त स्लोला कमी, फेऱ्या वाढवल्या की सुधारतं: ऑइल पातळ झालंय किंवा बेअरिंगच्या फटी वाढल्यात. सगळ्या फेऱ्यांवर सारखंच कमी, फेऱ्या वाढवूनही काटा दीड-दोनवर अडकलेला: रिलीफ व्हॉल्व्ह (जादा ऑइल सोडून देणारी झडप) उघडा अडकलाय, स्प्रिंग तुटलीय किंवा पंपातूनच ऑइल परत गळतंय. स्लोला ठीक पण पूर्ण फेऱ्यांवर घसरतं: पंपाला पुरेसं ऑइल ओढता येत नाही. काटा थरथरतोय, वर-खाली होतोय: ऑइलबरोबर हवा जातेय. सकाळी स्टार्ट केल्यावर काटा उठायला दहा सेकंद लागतात, नंतर सगळं ठीक: फिल्टरचा उलटा प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह गेलाय किंवा स्वस्तातल्या फिल्टरमध्ये तो नीट बसतच नाही.

काटा थरथरण्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण ट्रकच्या इंजिनाला मरीन किट लावून बोटीत बसवायची पद्धत आपल्याकडे आहे. ट्रकचं इंजिन जवळजवळ सपाट बसतं. बोटीत शाफ्टच्या उतारामुळे गिअरबॉक्सची बाजू पाच ते दहा अंश खाली असते. चेंबरचा खोल भाग आणि त्यातली, पंपाच्या सक्शन पाइपची जाळी टायमिंगच्या, म्हणजे पुढच्या, बाजूला असेल, तर ऑइल सगळं मागे जमतं आणि जाळी उघडी पडायला येते. शांत पाण्यात चालून जातं. बोटीची नाळ (पुढचं टोक) वर उचलली गेली, किंवा मागच्या खणात बर्फ आणि मासळी भरली, की जाळी हवा ओढते आणि काटा नाचतो. इथे पंप बदलून काही होत नाही. चेंबर आणि सक्शन पाइप त्या उताराला साजेसे हवेत.

दांडीवरच्या खुणाही सपाट इंजिनाच्या असतात. त्या पुन्हा करून घ्या. जुनं ऑइल पूर्ण काढा, फिल्टर बदला, पुस्तकात दिलेलं फिल्टरसकटचं माप लिटरच्या मापानं मोजून ओता, पाच मिनिटं चालवा, बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा. बोट नेहमीच्या भारात उभी असताना दांडीवर ऑइल जिथे येईल, तिथे कानसीनं नवी खूण करा. 'थोडं जास्त असलेलं बरं' म्हणून ओतणंही वाईट. क्रँक ऑइलवर आपटतो, फेस होतो, आणि फेसाला प्रेशर धरत नाही.

आता ऑइल पातळ होण्याची कारणं. लेव्हल न ओतता वाढतेय, म्हणजे आत काहीतरी येतंय. वास घ्या. डिझेलचा वास असेल, तर डिझेलच्या फीड पंपाचा डायफ्राम किंवा सील, रॉकर कव्हरखाली असलेला इंजेक्टरचा रिटर्न पाइप, फवारा न मारता थेंब गाळणारा नोझल आणि इंजेक्शन पंपाची सीलं, या क्रमानं बघा. गाळण कागदावर ऑइलचा एक थेंब टाकून काही तास ठेवा. मधल्या काळ्या डागाबाहेर फिकट पिवळं, पसरट वर्तुळ उमटलं, तर ते डिझेल.

ऑइल चहासारखं दुधाळ झालं असेल, तर पाणी. थोडंच पाणी असेल तर डोळ्यांना कळत नाही. तेव्हा तापलेल्या पत्र्यावर एक थेंब टाका, चडचड आवाज आला की पाणी आहे. ही परीक्षा धक्क्यावर, चष्मा लावून करायची, इंजिनाच्या खोलीत नाही. समुद्राच्या पाण्यावर चालणारा ऑइल कूलर फुटला की चालू इंजिनात ऑइलचं प्रेशर पाण्यापेक्षा जास्त असल्यामुळे आधी ऑइल बाहेर जातं. पाणी बाहेर पडतं तिथे तवंग दिसतो आणि लेव्हल उतरत जाते. इंजिन बंद झाल्यावर उलट पाणी ऑइलमध्ये शिरू शकतं. कूलर काढून ऑइलच्या बाजूचं एक तोंड बंद करा, दुसऱ्यातून तीन-चार किलोची हवा द्या आणि पिंपात बुडवा, बुडबुडे ट्यूब दाखवून देतील. खारं पाणी आत गेलं असेल, तर ते ऑइल रात्रभरही ठेवू नका. बेअरिंगचा थर आणि क्रँकची घासलेली बाजू दोन्ही लगेच गंजायला लागतात. काढा, नवं साधं ऑइल भरा, काही मिनिटं स्लोवर फिरवा, पुन्हा काढा. रंग साफ येईपर्यंत हेच.

ऑइलमध्ये काही मिसळलं नाही तरी ते फक्त तापून पातळ होतं. 15डब्ल्यू-40 ग्रेडच्या ऑइलचा दाटपणा 100 अंशांना साधारण 14 सेंटिस्टोक असतो, 120 अंशांना 9च्या आसपास उतरतो. वीस अंशांत एक तृतीयांश गेला. कूलरच्या ट्यूबमध्ये शंख-शिंपल्यांचा चुरा, मीठ, झिंकच्या तुटक्या कांड्या आणि पाण्याच्या पंपाच्या तुटलेल्या रबरी पंख्याचे तुकडे सापडतात. पाण्याचं तापमान ठीक दिसत असतानाही ऑइल कूलर एकटा चोंदलेला असू शकतो, म्हणूनच वर ऑइलचं तापमान लिहायला सांगितलं.

मग येतं बंदरातलं लाडकं औषध: 20डब्ल्यू-50 हे जास्त दाट ऑइल ओता. काटा वर येतो, हे खरं. पण डिझेल मिसळत असेल तर ते मिसळतच राहतं, बेअरिंग झिजलं असेल तर झिजतच राहतं, आणि थंड स्टार्टला दाट ऑइल वरच्या रॉकरपर्यंत उशिरा पोचतं. हंगामाचे शेवटचे दोन आठवडे काढायचे असतील तर समजू शकतो. त्याला दुरुस्ती म्हणू नये.

याहून वाईट म्हणजे रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर घालणं. हा व्हॉल्व्ह प्रेशर चार-पाच किलोच्या वर गेलं की उघडून जादा ऑइल चेंबरात सोडतो. गरम इंजिनात स्लोवर प्रेशर पाऊण किलो असताना तो बंदच असतो. बंद दाराला आणखी एक कडी घालून आतला माल वाढत नाही. वॉशरमुळे फायदा शून्य, आणि सकाळी थंड ऑइलचं प्रेशर इतकं चढतं की फिल्टरचा डबा फुगतो किंवा कूलरची ट्यूब जाते. व्हॉल्व्ह फिल्टर हेडवर किंवा ब्लॉकच्या बाजूला असेल, तर बाहेरून निघतो. प्लंजर बोटानं ढकलल्यावर अडखळता कामा नये. सीटवर कचरा, कार्बनचा कण, गास्केटचा तुकडा आहे का बघा. स्प्रिंगची मोकळी लांबी नव्या स्प्रिंगशी मिळवा. प्लंजरवर बारीक ओरखडे असतील तर 600 नंबरचा पॉलिश पेपर ऑइलमध्ये भिजवून हलकेच फिरवा, खोल असतील तर नवा घाला.

फिल्टर फेकून देऊ नका, कापा. हॅकसॉनं नाही, त्याचाच भुसा आत पडतो आणि मग लोखंड इंजिनाचं की ब्लेडचं हे कळत नाही. फिल्टर कटर मिळतो, तो वापरा. कागदाच्या घड्या उलगडून उन्हात बघा. चुंबकाला चिकटणारा भुसा म्हणजे लोखंड: लायनर, रिंग, गिअर. चंदेरी, मऊ, चुंबकाला न चिकटणारी कणी म्हणजे शेलचा (बेअरिंगच्या अर्धगोल कवचाचा) वरचा थर किंवा पिस्टनचं अॅल्युमिनियम. तांबूस चकाकी दिसली, तर शेलचा वरचा थर संपून खालचा तांब्याचा थर घासतोय किंवा कनेक्टिंग रॉडच्या वरच्या बुशची वाट लागलीय. मग इंजिन चालवायचंच नाही. फिल्टरच्या आधी आणि नंतर अशा दोन्ही जागी प्लग असेल तर दोन्हीकडे गेज लावा. गरम ऑइलवर किलोभराचा फरक म्हणजे फिल्टर चोंदला आणि बायपास उघडायला आला, म्हणजे गाळलं न गेलेलं ऑइल बेअरिंगांना जाणार.

इथवर काही सापडलं नाही, तर इंजिन उचलावंच लागेल. चेंबर उतरल्यावर आधी जाळी. मागच्या दुरुस्तीत कुणी सिलिकॉन सढळ हातानं लावलं असेल, तर त्याच्या शेंड्या जाळीवर चिकटलेल्या असतात. पूर्ण फेऱ्यांवर प्रेशर घसरण्याचं हे अगदी ठरलेलं कारण. सक्शन पाइपचा ओ-रिंग किंवा गास्केट, पाइपला बारीक चीर, हेही बघा. तिथून ऑइल गळत नाही, हवा आत जाते. पंपाचं झाकण काढून गिअरवर सरळ पट्टी ठेवा आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. पुस्तकातली मर्यादा साधारण एक दशांश मिलिमीटरच्या आसपास असते.

चेंबर पुन्हा बसवण्याआधी एक तपासणी जरूर करा. पाच-दहा लिटरच्या प्रेशर पॉटमधून दोन-तीन किलोनं ऑइल सेंडरच्या भोकातून गॅलरीत (ब्लॉकमधल्या ऑइलच्या मुख्य वाटेत) सोडा आणि खालून बघत राहा. क्रँक हळूहळू फिरवा. चांगल्या बेअरिंगमधून थेंब ठिबकतात. जिथून धार लागते, तिथे दोष. कधी कधी ती धार बेअरिंगातून नसतेच. गॅलरीचा प्लग ओव्हरहॉलच्या वेळी बसवायचा राहिलेला असतो, पिस्टनवर ऑइल मारणारी एखादी जेट तुटलेली असते, कॅमचं बुश सरकून भोक उघडं पडलेलं असतं. हे उघडून एकेक भाग मोजत बसण्यापेक्षा कितीतरी झटपट कळतं.

बेअरिंगच्या फटीबद्दल एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. फटीतून निसटणारं ऑइल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. फट दुप्पट झाली की गळती आठपट. म्हणून 'थोडंसंच झिजलंय' या बोलण्याला अर्थ नाही. प्लास्टिगेजनं (दाबून फट मोजायचा प्लॅस्टिकचा बारीक धागा) प्रत्येक जर्नलची, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगात फिरणाऱ्या भागाची, फट मोजा, मायक्रोमीटरनं जर्नल गोल आहे का बघा. क्रँक ग्राइंड करून पाव किंवा अर्धा मिलिमीटर अंडरसाइज शेल घालताना ऑइलचं भोक शेलच्या भोकासमोर आलंय याची खात्री करा. मेन बेअरिंगची वरची आणि खालची शेल अदलाबदल झाली की भोक झाकलं जातं.

आता वेळेचं. पश्चिम किनाऱ्यावर 1 जूनला मासेमारी बंदी लागते आणि बोटी ओढून शाकारल्या (झाकून ठेवल्या) जातात. इंजिन उचलायला जून-जुलै उत्तम, पण गरम, लोडवरची रीडिंग तेव्हा घेता येत नाहीत. ती मे महिन्याच्या शेवटच्या खेपांतच घेऊन ठेवायची. जुनं ऑइलही बोट ओढण्याआधी, गरम असतानाच काढायचं. आम्ल आणि पाणी असलेलं ऑइल दोन महिने बेअरिंगवर बसू देऊ नका.

नारळी पौर्णिमेच्या आसपास पहिला स्टार्ट मारताना सगळं ऑइल खाली उतरलेलं असतं. उभा बसणारा फिल्टर आधी ऑइलनं भरून लावा. स्टॉपची दांडी ओढून धरा आणि स्टार्टरनं दहा-दहा सेकंद, मध्ये मिनिटभर थांबत, क्रँक फिरवा. यांत्रिक गेजचा काटा हलला की मगच डिझेल सोडा. चालू झाल्यावर पंधरा सेकंदांत प्रेशर दिसलं नाही, तर बंद करा. अशा वेळी पंपात हवा अडकलेली असते, आणि गॅलरीतून प्रेशर पॉटनं ऑइल दिलं की ती निघते. शेल बदलले असतील तर 50 तासांनी ऑइल आणि फिल्टर बदला, तो फिल्टरही कापून बघा, आणि चार आकडे पुन्हा त्याच वहीत लिहा.